हौसाक्कांच्या बाया

हौसाक्कांशी माझं पहिलं बोलणं फोनवर झालं आणि त्यात मी त्यांना तीनदा काका म्हणाले.

"काका, रूम आहे का?"

"हाय."

"काका, एकट्या मुलीला देता का?"

"देऊ की. एकट्या मुलीला काय रूम लागत न्हाई?"

"मग काका, बघायला कधी येऊ?"

"रविवारी ये. वाडीत आलीस की कुणालाबी इचार, हौसाक्काचं घर कुटं. आक्काच बोलतीया."

मी चपापले, माफी मागू लागले. पलीकडून तोच खर्जातला आवाज आला, "असू दे. गॅसवाला सर म्हणतो, ब्यांकेतली पोरगी अंकल म्हणती. तू निदान घरातलं नातं तरी लावलंस."

आवाज असा, की रिकाम्या टाकीत तोंड घालून कुणी बोलावं. आणि वरच्या ओठावर मिशी. कौतुकानं लव म्हणावी अशी नाही, मिशीच. हौसाक्का तेव्हा साठीच्या पुढच्या, उंच, हाडापेरानं थोराड, नऊवारी घट्ट नेसलेल्या. त्या मिशीचं त्यांना ना दुःख होतं ना अभिमान. भुकूमला नव्या सोसायटीखाली पार्लर काढलेल्या बाईनं एकदा त्यांना आपुलकीनं सांगितलं, "आक्का, या ना, अप्पर लिप करून देते." आक्का म्हणाल्या, "केस माझं, व्हट माझा. तुला कुटं टोचत्यात?" पण आलेच आहे म्हणून पायाच्या भेगा मात्र घासून घेतल्या आणि उठताना सल्ला दिला, "हे बरं करतीस. ह्याची पाटी मोठी लाव."

त्यांची वाडी भुकूमच्या पुढं, पौड रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. काही जमीन विकलेली, उरलेल्या तुकड्यावर बारा खोल्यांची चाळवजा इमारत, आणि त्या बारा खोल्यांत अर्धा महाराष्ट्र. कुणी हिंजवडीला जाणारं, कुणी लवळ्याच्या कॉलेजात शिकणारं, कुणी साइटवर सुपरवायझर. आक्का कुणालाच नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी परभणी झाले. "ए परभणी, मोटर बंद कर." "सोलापूरला सांग, कपडं वाळलं." एकदा दोन जळगाव एकदमच राहायला आले, तेव्हा त्यांतल्या एकीला आक्कांनी भुसावळ करून टाकलं. ती भुसावळची नव्हती, पण तिनं तक्रार केल्याचं आठवत नाही.

खोली रिकामी झाली की नव्या भाडेकरूआधी ती आक्का स्वतः रंगवत. पदर खोचायचा, शिडीवर चढायचं आणि तीन इंची ब्रशनं दिवसभरात खोली संपवायची. त्यात नवल काही नव्हतं, कष्टाची बाई. नवल मला दुसऱ्या आठवड्यात दिसलं, जुन्या गोठ्यात. गोठ्यात आता गुरं नव्हती. सिमेंटची पोती, पाइप आणि लोखंडी खाटा होत्या. मला हवी होती खाट. आक्कांनी दार उघडलं, पत्र्यातल्या फटीतून ऊन आत आलं, आणि समोरची भिंत दिसली.

या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवलेली. खोल्यांसाठी आणून उरलेले रंग होते ते, मी ओळखले. पण आकार? एक विटकरी उभा पट्टा, वर जाऊन पुढं झुकलेला. त्याच्या शेजारी तीन राखाडी गोल एकमेकांत अडकलेले. मग एक पिवळाधमक त्रिकोण, टोकावर उभा, आत्ता पडेल असा. असे पंधरा-वीस तरी.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "डिझाइन छान आहे."

"डिझाइन न्हाई. बाया हायेत."

मी पुन्हा पाहिलं. आक्कांनी पट्ट्याकडं बोट केलं. "ही माझी सासू."

"चेहरा नाही काढला?"

"चेहरा काढला की बघाया लागती ती. जित्ती असताना लई बघितलं तिनं माझ्याकडं."

तीन गोल म्हणजे तिघी जावा, ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या. "कुणाचा गुडघा कंचा, ते त्यांचं त्यांनाबी कळत न्हवतं, अशा बसायच्या." आणि पिवळा त्रिकोण? "धाकटी बहीण. हळदीच्या दिवशीची. नंतरची मी काढत न्हाई." त्यांच्या सांगण्यावरून मला कळलं की पुढं विचारायचं नाही.

मी दुसरीकडं वळले. "पण आक्का, ही बाई आहे हे कळणार कसं? बांगड्या नाहीत, कुंकू नाही, अंबाडा नाही."

"ते काढलं की कुणीबी म्हणंल बाई हाय. त्यात माझं काय?" त्या खाटेचा एक पाय धरत म्हणाल्या. "धर तिकडनं."

"आणि तुम्ही कुठं आहात यात?"

"माझ्यापुरता रंग उरला न्हाई अजून. धर म्हणलं ना."

माझी नोकरी हिंजवडीला, मोबाइलवरच्या अॅपांसाठी चित्रं काढायची. चित्रं म्हणजे बटणं. लवळ्यावरून नांद्यामार्गे स्कूटरनं जायचं, दिवसभर बटणं काढायची, परत यायचं. कधी घरीही काम आणायचे. एका संध्याकाळी आक्का दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय काढतीस?"

"बटण."

"दिवसभर?"

"हो."

"एकच?"

"कधी कधी तीन दिवस एकच."

त्या खरोखरच्या कळवळ्यानं म्हणाल्या, "परभणीहून एवढ्यासाठी आलीस गं."

ऑफिसनं मला नवा टॅब दिला तेव्हा माझा जुना, पेनसकट, मी आक्कांच्या हातात ठेवला. वाटलं, चार दिवस गंमत करतील. पहिला दिवस हसण्यातच गेला. भिंतीवर अख्खा हात फिरवणारी बाई, ती त्या पेनाला काडी म्हणे आणि चिमटीत धरून असं दाबी की काच फुटते का काय याची मला धास्ती. मग चित्र मोठं कसं करायचं ते दाखवलं. त्यांनी इतकं मोठं केलं की सगळ्या पडद्यावर एकच निळा रंग राहिला. "आता भिंत झाली," म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

दोन गोष्टी त्यांना पटेनात. एक म्हणजे रंग संपत नाही. "संपतच न्हाई? मग थांबायचं कधी?" हा प्रश्न मला आमच्या कॉलेजात कुणी विचारला नव्हता. उत्तर त्यांचं त्यांनीच शोधलं. बॅटरीची खूण लाल झाली की थांबायचं. जे झालं ते चित्र. टॅब जुना असल्यामुळं बॅटरी फार टिकत नसे, आणि हौसाक्कांच्या सुरुवातीच्या चित्रांत जो आटोपशीरपणा आहे त्याचं कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट लेयरची. एका चित्रावर दुसरं पारदर्शक चित्र, त्यावर तिसरं, हवं ते दाखवता येतं, नको ते झाकता येतं, असं मी समजावत होते. त्या ऐकत होत्या, मग मध्येच म्हणाल्या, "म्हंजी पदर." त्या दिवसापासून आमच्या खोलीत लेयर हा शब्द संपला. मी ऑफिसातसुद्धा एकदा मीटिंगमध्ये "वरचा पदर बंद करा" असं म्हणून गेले आणि दोन मिनिटं कुणी माझ्याकडं पाहिना.

पदर मात्र आक्कांना फार आवडले. एकेका चित्राला वीस, पंचवीस, एकतीस. त्यातले निम्मे बंद. मी एकदा विचारलं, "आत काय आहे?"

"आत हाय ते आत हाय. तू लुगड्याच्या आतलं इचारतीस का कुणाला?"

सोलापूर नावाची मुलगी लवळ्याला चित्रकला शिकत होती. तिनं ही चित्रं आपल्या मॅडमना दाखवली आणि मॅडम एका शनिवारी आल्या. सुती साडी, मोठा चष्मा, हातात वही. त्या गोठ्यात दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मग टॅबवरची चित्रं पाहिली. मग खाटेवर टेकून फार अदबीनं विचारलं, "आक्का, तुमच्या चित्रांत स्त्रीत्वाचा शोध आहे, असं म्हणता येईल का?"

आक्कांनी विचार केला. "शोध कशापायी? हारवलंय का?"

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. पुढं महिन्याभरात त्यांनी कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं, तेव्हा दाराशी भल्या मोठ्या अक्षरांत तेच वाक्य लावलं होतं. आक्कांनी माझ्याकडून ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "बोलले ते बोलले. भिंतीवर कशाला लिवलं?"

प्रदर्शनाला वाडीतल्या बाया दोन टेम्पो भरून आल्या. मॅडमनी विद्यार्थ्यांना आधी सांगून ठेवलं होतं की अमूर्त चित्रात ओळखीचं काही शोधायचं नसतं, रंग आणि आकार यांच्याकडं नुसतं बघायचं असतं. हे वाडीतल्या बायांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या आत शिरल्या आणि पाच मिनिटांत हॉलमध्ये मतदानाच्या दिवसासारखा गलका झाला. "ही पार्वती, बघ, कंबर धरलीया." "ही तुझी आय गं." "व्हय की, पाणी शेंदतीया." एका हिरव्या, खाली पसरत गेलेल्या आकारापुढं आक्कांच्या दोन जावा उभ्या होत्या, थोरल्या गंगूबाई आणि मधल्या सोनाबाई.

"ही मी हाय," गंगूबाई म्हणाल्या.

"तुमी कशा? ही रुंद हाय. ही मी."

"तू आता रुंद झालीस. हे आधीचं हाय."

दोघींनी आक्कांकडं न्याय मागितला. आक्का म्हणाल्या, "दोघी हायेत. वरचा पदर ही, खालचा ती." त्यावर कोण वर आणि कोण खाली यावरून परतीच्या टेम्पोत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "वीस वर्षं शिकवतेय. चित्रावरून असं भांडण नाही पाहिलं." त्यांचे डोळे ओले होते, पण हसण्यानं का कशानं ते मला सांगता येणार नाही.

इथपर्यंत सगळी मौज होती. खरा प्रसंग पुढं आला, आणि तो आक्कांच्या मुलामुळं आला.

संतोषभाऊ हा आक्कांचा एकुलता एक. झुबकेदार मिशा, पांढरी जीप, पांढरे कपडे. गेली कित्येक वर्षं पौड रस्त्यावरच्या प्रत्येक फ्लेक्सवर त्यांच्या नावामागं 'भावी सरपंच' असे. लोक तोंडावर भाऊ म्हणत आणि मागं भावी. आता निवडणूक आली आणि सरपंचपद महिला राखीव झालं. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं की आपल्याला आई आहे.

आक्कांना कुणी विचारलं नाही. त्यांना एका दुपारी जीपमध्ये घालून फ्लेक्सच्या दुकानात फोटोसाठी नेलं. टॅबची वायर घ्यायची म्हणून मीही मागं बसले होते. दुकानदार किरणराव मोठा तयारीचा माणूस. संगणकावर फ्लेक्स आधीच तयार होता. वर गोलात पुढारी, मध्ये हात जोडलेले संतोषभाऊ, कमरेपासून वर, फ्लेक्सच्या पूर्ण उंचीचे. खाली कोपऱ्यात एक बाई. गोरीपान, नाकात नथ, हिरवा चुडा, हात जोडलेले, ओठ गुलाबी.

"ही कोण?" आक्कांनी विचारलं.

"तुम्हीच, आक्का. आधार कार्डाचा फोटो घेतला, जरा साफ केला."

आक्का वाकून बघू लागल्या. मिशी गेली होती. कपाळावरची शिडीवरून पडल्याची खूण गेली होती. वय पंचवीस वर्षं मागं गेलं होतं.

"हे हात कुणाचं?"

"रेडिमेड असतात. साडी, हात, चुडा, सगळं एकत्र येतं. फक्त तोंड बदलायचं. सगळ्या ताईंना हेच लावतो."

"समद्यांना?"

किरणराव सरळ माणूस. त्यांनी मागच्या वेळचे फ्लेक्स काढून दाखवले. शेजारच्या गावात दोघी एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या आणि दोघींचे हात तेच होते. एक पॅनेल हरलं, एक जिंकलं, हात दोन्हीकडं होते.

आक्कांनी स्वतःचे दोन्ही पंजे काउंटरवर ठेवले. रापलेले, नखांच्या कडांना ऑइलपेंट बसलेला. "हे लाव."

"आक्का, याच्यावर रंग आहे."

"मग? निघत न्हाई तो."

संतोषभाऊ म्हणाले, "आये, फोटूत काय ठेवलंय? लोक मला बघून मत देणार हायेत."

"मग मला कशाला चिकटवलंय कोपऱ्यात?" आक्का बोलल्या, आणि त्यांचा आवाज आणखी खाली गेला. मग किरणरावांना त्यांनी एवढंच विचारलं, "माप काय ह्याचं?"

"दहा बाय आठ."

"चार दिसांनी येते."

ते चार दिवस टॅब चार्जिंगला लावलेलाच होता. लाल झालं की थांबायचं हा नियम त्यांनी मोडला तो तेव्हाच. मी फाइलचं माप लावून दिलं, बाकी कशाला आक्कांनी हात लावू दिला नाही. चित्र झालं तेव्हा पदर किती झाले ते मी मोजले नाहीत. मुरमाचा तांबडा, सिमेंटचा करडा, आणि मधोमध एक मोठा काळपट आकार, खाली रुंद, एका अंगावर भार देऊन उभा. वरच्या भागात एक आडवा, जाड, बिनधास्त फटकारा. चेहरा नाही, हात नाहीत, पुढारी नाहीत, नाव नाही.

"नाव तरी टाका," मी म्हणाले.

"नाव म्हणलं की त्याचं येतंया, त्याच्या बापाचं येतंया. मग मी ऱ्हाते कुटं?"

किरणरावांनी छापून दिलं. आक्कांनी स्वतः उभं राहून ते वाडीच्या फाट्यावर, भाऊंच्या ठरलेल्या जागी बांधून घेतलं. सकाळी दहाच्या सुमारास पहिली मोटारसायकल थांबली. अकरापर्यंत पंधरा थांबल्या. नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात आहे, असं एकाचं मत. दुसरा म्हणाला, रंगाची कंपनी आहे. विरोधी पॅनेलचे लोक येऊन गंभीरपणे फोटो काढून गेले; त्यांना वाटलं ही पुण्याहून आणलेली काहीतरी नवी प्रचाराची पद्धत आहे, अर्धं दाखवायचं आणि अर्धं झाकून ठेवायचं. भाऊंचा फोन सारखा वाजत होता. "भाऊ, छापाय चुकलंय का?" "भाऊ, कुणाचा वाढदिवस हाय?" भाऊ जीप घेऊन आले, गर्दीतून वाट काढत पुढं झाले, आणि त्यांनी दोरी सोडायला हात घातला.

तेवढ्यात गंगूबाई दळण घेऊन चालल्या होत्या. डोक्यावरचा डबा न उतरवता त्यांनी वर पाहिलं. "ही तर हौसा हाय."

"कशावरनं?" कुणीतरी विचारलं.

"बघा की. कुणाच्या बापाचं ऐकंना, अशी उभी ऱ्हायलीया. दीर वारला तवा दारात अशीच उभी व्हती. भावकीतलं धा जण आलं व्हतं जमीन मागाया. एकाला उंबरा वलांडू दिला न्हाई." आणि त्या चालू लागल्या.

लोकांनी पुन्हा वर पाहिलं. मीही पाहिलं. इतका वेळ मला नुसते रंग दिसत होते; आता बाईशिवाय काही दिसेना. "व्हय की." "आक्काच हाय." "मिशी बघ, मिशी." संतोषभाऊंचा हात दोरीवरच होता. त्या वेळी ते दहा-बारा वर्षांचे असावेत, आईच्या मागं त्याच दारात. त्यांनी दोरी सोडली नाही. उलट सैल झाली होती ती आवळली. जीपमध्ये बसले आणि थेट किरणरावांकडं जाऊन म्हणाले, "आयचा फोटू हाय तसा लावा. मिशीसकट. आन् मला कोपऱ्यात घ्या."

घरी येऊन आक्कांना म्हणाले, "आये, उभी ऱ्हातीस का?" पहिल्यांदा विचारलं होतं.

"ऱ्हाते. पण निवडून आले तर खुर्चीत मी बसणार. मागं उभं ऱ्हाऊन तू बोलायचं न्हाई."

"बरं."

"कानातबी न्हाई."

"बरं म्हणलं ना आये."

अर्ज भरला. आणि छाननीच्या दिवशी घोटाळा झाला. विरोधी पॅनेलच्या वकिलांनी आक्षेप घेतला की जागा महिला राखीव आहे आणि मतदारयादीत या उमेदवाराच्या नावापुढं 'पु.' असं छापलेलं आहे. ते अक्षर कुठं आणि कधी पडलं कोण जाणे, पण होतं. इतकी वर्षं हौसाक्का पुरुष म्हणून मत देत होत्या आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी रजा काढून सोबत गेले होते, त्यामुळं हे मी समोर पाहिलं. अधिकारी तरुण आणि भला माणूस. त्यांनी यादी पाहिली, आक्कांकडं पाहिलं, मिशीपाशी त्यांची नजर अडली, आणि तिथून ती सरळ छताकडं गेली.

"आजी," ते म्हणाले, "म्हणजे, प्रश्न नाही, पण आक्षेप आलाय तर... काही पुरावा आहे का?"

माझे कान तापले. आक्का मात्र निवांत होत्या.

"हाय की. खाली जीपमदी बसलाय. चवदा तास लागलं व्हतं त्याला भाईर यायला. बोलवू का?"

कारकून बाईंनी तोंडापुढं फाइल धरली. आणि नेमके त्याच क्षणी संतोषभाऊ झेरॉक्सच्या प्रती घेऊन, मिशांवरून हात फिरवत दारात उभे राहिले. आक्का म्हणाल्या, "आला बघा."

अधिकाऱ्यांनी बाकीची कागदपत्रं पाहून आक्षेप फेटाळला, पण ते त्यांनी कसं वाचून दाखवलं ते त्यांचं त्यांना माहीत. दोनदा पाणी प्यावं लागलं. त्या दिवसापासून संतोषभाऊंच्या नावामागचं 'भावी' गेलं. सगळा मुळशी तालुका त्यांना 'पुरावा' म्हणू लागला. लग्नाच्या पत्रिका द्यायला आलेले लोकसुद्धा विचारत, "पुरावा घरात हायेत का?" भाऊ आधी चिडत, मग ओ देऊ लागले.

आक्का एकोणीस मतांनी पडल्या.

त्या दिवशी मी त्यांच्या समोर जायला बिचकत होते. त्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "वाईट वाटलं. वाटणार न्हाई तर काय. पण जेवढ्यांनी दिली, त्यांनी मला दिली. हातांना न्हाई." मग उठून त्या जिंकलेल्या सुरेखाच्या घरी गेल्या. तिचं अभिनंदन करून, तिच्या नवऱ्यासमोरच, म्हणाल्या, "खुर्चीत तू बस. त्येला स्टूल दे." पहिल्या ग्रामसभेत सुरेखा सरपंच खुर्चीत होती, आणि शेजारी खरंच स्टूल होतं.

पुढं माझं लग्न झालं आणि मी नाशिकला गेले. फोन होत असे. मग संतोषभाऊंकडून कळलं की आक्कांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवसांनी पुण्याला काही काम निघालं, तशी वाट वाकडी करून वाडीवर गेले.

आक्का अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, डोंगराकडं तोंड करून, डोळ्यांना काळा चष्मा. मांडीवर टॅब, बंद. मला आवाजावरून ओळखलं.

"परभणी का?"

"आता नाशिक."

"ते मला चालणार न्हाई." त्यांनी शेजारचा दगड दाखवला. "बस. लई वर्सं मी समदं चहातनं बघत व्हते गं. डागदरनं जाळी काढली आन् घरात आले तर बायकांची तोंडं बदललेली. सुनंच्या पातळाला फुलं हायेत, मला ठावंच न्हाई."

"आणि चित्रं?"

त्या हसल्या, खोल, टाकीतून यावं तसं. "ती इचारू नगं. तू गेल्यावर काढल्या त्यांना, मला वाटत व्हतं, राखी रंग लावतीया. समद्या बाया निळ्या निघाल्या."

"मग आता बदलणार?"

"कशापायी? त्यांना काय ठावं. निळ्या तर निळ्या." मग चष्मा दोन्ही हातांनी उचलून कपाळावर ठेवला. डॉक्टरांनी उन्हात काढू नका म्हणून बजावलेलं मला भाऊंनी सांगितलं होतं, म्हणून मी पुढं होऊन म्हणाले, "आक्का, चष्मा."

त्यांनी तो तसाच राहू दिला. समोर डोंगर होता, गवत नुकतं सुकायला लागलेलं, खालच्या अंगाला नव्या इमारतींची करड्या काँक्रीटची चौकट, वर उघडा काळा कातळ. जन्मभर समोर असलेला तो डोंगर त्या बघत होत्या, पण सोयरिकीला आलेल्या माणसानं मुलगी बघावी तसा नाही. त्या मुलीच्या आईनं बघावी तसा. ओठ किंचित हलत होते. काय कुठं लावायचं त्याचा हिशेब चालला असावा.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"सरक जरा," आक्का म्हणाल्या. "मधी आलीस."

मी सरकले.